बुधाजीआबा आणि चार बोटांचा माग

अन्याय बुधाजीआबांवर झाला. कधी झाला तेही सांगते, कारण आमच्या शहरात ‘अन्याय झाला’ म्हटलं की लोक ‘होतच असतो’ म्हणतात आणि चहा सांगतात. टँकरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावरच्या एका सभागृहात, भर व्यासपीठावर, चालू माइकसमोर. एका सांस्कृतिक समितीने त्या दिवशीच्या इतिवृत्तात आबांसाठी दोन शब्द लिहिले: ‘मद्यधुंद वॉचमन’. समितीचं नाव मी देत नाही. माझी चार पत्रकं वाचूनही ज्यांनी एक शब्द खोडला नाही, त्यांना फुकट प्रसिद्धी कशाला?

वॉचमन हा शब्द बरोबर आहे. पहिल्याला माझी हरकत आहे. आबांनी आयुष्यात ताकापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं. ताक आंबट निघालं तर तेही ते बायकोला, ठकूआजींना, परत करायचे आणि वर विचारायचे, “ह्ये पेय हाय का शिक्षा?”

आबा मूळचे वेरूळच्या पलीकडच्या एका वाडीचे. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं, आणि मेंढरांच्या मागोमाग घोंगड्या. चारा संपला, विहीर आटली, तेव्हा त्यांनी मेंढरं विकली, पण शेवटच्या कातरणीची लोकर विकली नाही. ती तीन पोत्यांत भरून, मागाची लाकडं डोक्यावर घेऊन, ठकूआजींना पुढे घालून ते उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत आले आणि आमच्या समोरच्या खासगी हॉस्टेलवर वॉचमन झाले. मालकाने मागच्या अंगणात पत्र्याची खोली दिली. पहिल्याच आठवड्यात आबांनी खोलीसमोर मांडीइतका खोल खड्डा खणला. मालकाला वाटलं, म्हातारा पाणी शोधतोय. तो इतका खूश झाला की त्याने स्वतःची पहार आणून दिली. खड्डा मागाचा होता. घोंगडी विणणारा त्यात पाय सोडून बसतो आणि पायानेच मागाची अर्धी कामं करतो. मालकाला हे कळलं तेव्हा पहिली घोंगडी निम्मी झाली होती.

शहर तेव्हा चारी बाजूंनी वाढत होतं. पाट्यांवर तेव्हा एक नाव होतं, आता दुसरं आहे, टँकर मात्र तोच. आमच्या गल्लीत त्या दोन वर्षांत चार इमारती उभ्या राहिल्या आणि एकाही नळाला पाणी आलं नाही. मी तेव्हा या विषयावर पत्रकं वाटत होते. पहिलं पत्रक आबांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते वाचलं नाही. अंगठा आणि पहिल्या बोटात धरून चोळलं.

“लई पातळ हाय,” ते म्हणाले. “आत काय लिवलंय?”

“पाण्याचा प्रश्न, आबा.”

“मग जाड कागदावर लिव की पोरी. ह्यो कागद घामानंच फाटंल. पाणी कुटनं धरंल?”

मी तेव्हा रागावले होते. पुढच्या वेळी जाड कागद घेतला.

चोळून बघणं ही आबांची खोड नव्हती, ती त्यांची नमस्कार करायची पद्धत होती. माणूस समोर आला की त्यांचा हात आपोआप त्याच्या बाहीकडे जायचा. पोस्टमन असो, इंजेक्शन देणारी सिस्टर असो, मत मागायला आलेला उमेदवार असो. बाहीचं टोक दोन बोटांत धरायचं, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा एकच असायचा: “पलास्टिक.” ठकूआजी म्हणायच्या, “ह्यांना माणूस दिसतच नाय. शर्ट चालत येतोय आन् त्याला वर मुंडकं लावलंय, येवढंच दिसतंय.” त्यांच्या लग्नात म्हणे आबांनी नवरीचा चेहरा बघायच्या आधी अंतरपाट चोळून बघितला होता. “भटजी ओरडला तवा सोडला,” आजी सांगायच्या. “आन् म्हनतोय कसा, सूत बरं हाय.”

एकदा क्रांती चौकात आबा सिग्नल तोडून रस्ता ओलांडत होते. वाहतूक हवालदाराने शिट्टी मारली. आबा मागे फिरले, थेट त्याच्यापाशी गेले आणि त्याची बाही धरली.

“साहेब, दिसभर ह्यात उभे ऱ्हाता?”

“आजोबा, हात सोडा. ड्युटीवर आहे मी.”

“व्हय, पन ह्यो कपडा घाम पीत नाय. पाठीवर घामोळं आलंय का नाय? खरं सांगा.”

हवालदाराने शिट्टी खिशात घातली. मग हळूच म्हणाला, “आलंय.”

दोघं दहा मिनिटं घामोळ्यावर बोलत उभे राहिले. तेवढ्या वेळात त्या चौकात कुणी कुणाला अडवलं नाही आणि वाहतूक, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, नेहमीपेक्षा बरी चालली.

आबांच्या अंगाला कायम एक आंबूस वास असायचा. तो चिंचोक्याच्या खळीचा. घोंगडीचा ताणा, म्हणजे मागावर लांबीने लावलेले दोरे, पक्के व्हावेत म्हणून त्याला चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ लावतात. खळ जुनी झाली की आंबते. वाचकांनी हा वास लक्षात ठेवावा. पुढे पुरावा म्हणून लागणार आहे.

आणि एक नियम लक्षात ठेवावा. आबांकडे कुणीही गेलं की आधी घोंगडी पसरायची, मग पाणी. घोंगडीवर चपला घालून चढायचं नाही आणि घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही. त्या उन्हाळ्यात ठकूआजी पाहुण्याला अर्धाच पेला पाणी द्यायच्या. आबा म्हणायचे, “पानी अर्धं, पन घोंगडी पुरी.”

हॉस्टेलवर तिसऱ्या मजल्यावर क्वाकू नावाचा घानाचा विद्यार्थी राहायचा. विद्यापीठात पीएचडी करत होता, विषय मृदाशास्त्र. उंच, शांत, आणि गल्लीतल्या कुणाहीपेक्षा जास्त नम्र. तो पहिल्या वर्षी शर्ट-पँटमध्येच दिसला, त्यामुळे आबांच्या हिशेबी तोही ‘पलास्टिक’ होता. मग त्यांच्या देशाचा काही सण आला, आणि एका सकाळी क्वाकू जिन्यावरून खाली उतरला तो वेगळाच माणूस होऊन. अंगाभोवती एक भलं मोठं वस्त्र गुंडाळलेलं, डाव्या खांद्यावर टाकलेलं, उजवा खांदा उघडा. पिवळा, हिरवा, लाल, काळा, सगळे रंग चौकटी-चौकटींनी. ते केंटे होतं. त्याच्या आजोबांचं.

आबांनी फाटक लावून घेतलं.

“आबा, गेट खोलो ना. देर हो रही हाय,” क्वाकू म्हणाला. त्याची भाषा आमच्या गल्लीतच तयार झालेली होती, निम्मी दखनी, निम्मी आबांची.

“जाशील रं. आधी गोल फिर.”

क्वाकू गोल फिरला. आबांनी पदरापासून काठापर्यंत सगळं कापड चोळलं. मग त्यांना शिवण सापडली. मग दुसरी. मग ते जमिनीवर बसून मोजायला लागले. ते एकसंध कापड नव्हतंच. चार-चार बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या विणून, एकीला एक जोडून केलेलं होतं. चोवीस पट्ट्या.

“चार बोटांचा माग!” आबा म्हणाले. “मग इनणारा केवढा असतोय? माज्या हातायेवढा?”

क्वाकू म्हणाला, त्याच्या गावाकडे परंपरेने पुरुषच हे विणतात, आणि ते आबांपेक्षा चांगले जाड असतात. माग अरुंद. ताणा समोर लांबच लांब, अंगणभर पसरलेला, आणि त्याच्या टोकाला एका फळीवर बांधलेला जड दगड. विणणारा विणत जातो, कापड पोटाशी गुंडाळत जातो, तसा दगड इंच-इंच सरकत त्याच्याकडे येतो.

“पाव्हन्यागत!” आबा म्हणाले. “आन् खड्डा?”

“खड्डा नाय.”

आबांनी हे ऐकून घेतलं, पण मनाला लावून घेतलं. खड्ड्याशिवाय माणूस विणतो हे त्यांना पटेना. मग क्वाकूने त्यांना त्यांच्याकडची गोष्ट सांगितली, की फार पूर्वी दोन भावांनी रानात कोळी किड्याला जाळं विणताना पाहिलं आणि त्याच्याकडून ही विद्या शिकली. आबा बराच वेळ पत्र्याच्या कोपऱ्यातल्या कोळ्याकडे बघत बसले. “व्हय की,” शेवटी म्हणाले. “ह्याला तरी कुटं खड्डा हाय?”

त्या दिवशी क्वाकू सणाला पाऊण तास उशिरा पोचला. पण मैत्री झाली ती झालीच. त्यात एक भर पडली. त्याच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्यावरून त्याचं नाव पडतं, आणि क्वाकू म्हणजे बुधवारचा.

“म्हंजे तूबी बुधाच!” आबा ओरडले. “माज्या आयनं मला बुधवारी काढला म्हनून बुधाजी. घ्या! सात समुद्रापल्याड माजा जोडीदार, आन् हितं गल्लीत एक बुधा मिळंना.” त्या दिवसापासून क्वाकू हा बुध्या झाला.

केंटेच्या प्रत्येक नक्षीला नाव असतं आणि नावामागे म्हण असते, हेही आबांना बुध्याकडूनच कळलं. कोणतं कापड कुणी कुठल्या प्रसंगी नेसायचं याला अर्थ असतो. सोनेरी रंग मानाचा, हिरवा पिकाचा, काळा जाणतेपणाचा. एका नक्षीच्या नावाचा अर्थ तर असा की, विणणाऱ्याने त्याला येत होतं ते सगळं यात घातलं, आता कसब शिल्लक नाही.

“असं कापडात लिवून टाकत्यात?” आबा म्हणाले. “लई शाने लोक. आमच्या काळ्या घोंगडीत एकच म्हन हाय.”

“कोणती, आबा?”

“गप पांघरून झोप.”

त्यांनी बुध्याला वेरूळची लेणी दाखवायला नेलं, तिथेही हेच. लोक देवांकडे बघत होते, आबा देवांच्या कपड्यांकडे. एका द्वारपालाच्या कमरेचं दगडी वस्त्र दोन बोटांत धरायचा प्रयत्न करताना पहारेकऱ्याने त्यांना पकडलं.

“आजोबा, हात लावू नका. दिसत नाही का?”

“दिसतंय म्हनूनच लावतोय. चुनी बगा कशी पाडलीय! ह्यो कपडा मातूर टिकनार. ह्यात पलास्टिक नाय.”

मग आबांना दगडाची हुक्की आली. खड्ड्याशिवाय विणून बघायचंच. एका सोमवारी सकाळी त्यांनी चार बोटांचा ताणा लावला, एक टोक फाटकाच्या गजांना बांधलेल्या छोट्या मागात, आणि दुसरं टोक गल्लीतून सरळ नेत नेत पार किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत, एका फळीवर ठेवलेल्या पाट्याला. पाटा म्हणजे वाटणाचाच. ठकूआजी वरवंटा हातात घेऊन शोधत फिरत होत्या. आबा फाटकात बसून विणायला लागले. आणि तेव्हाच टँकर आला.

टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायकांना देव दिसला असता तरी त्यांनी त्याला बाजूला सरकवलं असतं. गल्लीच्या तोंडाशी टँकर, मधोमध लोकरीचे दोरे, आणि दोऱ्यांच्या टोकाला पाटा.

“ए म्हाताऱ्या, दोरी काढ!” टँकरवाला ओरडला.

“दोरी नाय ती. ताना हाय. तुटला तर गाठी दिसतील.”

“माझं इंजिन गरम होतंय!”

“मग बंद कर. मीबी दम घेतो.”

बायका भांडायला म्हणून हंडे घेऊन आल्या. पण ताणा ओलांडायची कुणाची छाती होईना, कारण आबा डोळे वटारून बसलेले. त्यामुळे सगळ्या ताण्याच्या एका कडेला, एकीमागे एक उभ्या राहिल्या. आणि मी शपथेवर सांगते, आमच्या गल्लीत त्या दिवशी पहिल्यांदा रांग सरळ लागली. टँकरवाल्याने शेवटी तोंडाशीच गाडी उभी केली आणि नळी टाकली. ना धक्काबुक्की, ना कुणाचा हंडा चेपला. सगळ्यांना पाणी मिळालं. तरी मालकाने आबांना दम दिला, की विणायचं तर मागे खड्ड्यात विणा, गल्लीत नाटकं नकोत. आबा मागे गेले. जाताना टँकरवाल्याची बाही चोळून गेले.

खड्ड्यात बसून त्यांनी जे काम काढलं ते मात्र गंमत नव्हती. बुध्याची पीएचडी पुरी होत आली होती, जूनमध्ये पदवी मिळणार होती. आबांनी ठरवलं, पोराला त्याच्या पद्धतीचं पांघरूण आपल्या लोकरीत द्यायचं. चार बोटांच्या चोवीस पट्ट्या, काळ्या लोकरीच्या, कडेला पांढरी रेघ. शेवटच्या कातरणीची लोकर त्यासाठीच बाहेर निघाली. ठकूआजी सूत कातायच्या आणि म्हणायच्या, “जूनमधी घोंगडी पांघरून पोरगं शिजंल.” आबा म्हणायचे, “शिजू दे. डाक्टर व्हनार हाय, कच्चं नगं.” गावाकडे मेंढरं उरली नव्हती. ही लोकर संपली की पुन्हा मिळणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मेच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत पंधरा पट्ट्या झाल्या होत्या.

त्या मंगळवारी त्या समितीचा ‘वस्त्रांचं विश्व’ नावाचा कार्यक्रम होता. हॉस्टेलचा मालक समितीचा सदस्य. त्याने बुध्याकडून आजोबांचं केंटे मागून घेतलं, ‘मानाने मांडू’ म्हणून. आबांकडून एक घोंगडी घेतली, ‘आपलीही कला दिसू दे’ म्हणून. आबा हरखले. मुंडासं नवं, बंडी धुतलेली. मी दारात पाण्याची पत्रकं वाटायला होते.

आत गेलो तर काय? केंटे व्यासपीठावरच्या लांब टेबलावर टेबलक्लॉथ म्हणून अंथरलेलं. त्यावर पाण्याच्या बाटल्या, फुलदाणी, माइक, अध्यक्षांची दोन्ही कोपरं, आणि कचोऱ्यांची बशी. तेल सुटलेल्या कचोऱ्या. बुध्या पहिल्या रांगेत बसला होता. पाहुणा होता. नुसता त्या बशीकडे बघत होता. मान द्यायचा म्हणून बोलावलेला माणूस मान जाताना कसा बघतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

आबा मागच्या रांगेतून उठले.

आता नीट वाचा, कारण समितीने हे नीट बघितलं नाही. बुध्याने आबांना सांगून ठेवलं होतं, की आमच्याकडे मोठ्या माणसापुढे जायचं तर पायताण काढायचं आणि कापड खांद्यावरून खाली घ्यायचं, त्याला आदर म्हणतात. आबा त्या कापडापुढे चालले होते, त्यात बुध्याचे आजोबा होते. म्हणून त्यांनी पायरीशी वहाणा काढल्या. आणि खांदा उघडा करायला गेले. पण केंटे खांद्यावरून सरकतं, बंडी सरकत नाही. बंडीला बटणं असतात. आबांनी तीन बटणं सोडली, एक हात बाहेर काढायला गेले आणि कोपर अडकलं. अशा अवस्थेत, एक हात बंडीत, एक हवेत, ते व्यासपीठावर चढले. अध्यक्षांना वाटलं, म्हातारा कुस्तीला आला.

“साहेब,” आबा म्हणाले, “पान्याच्या बाटल्या उचला.”

“पाणी पाहिजे का? अरे, यांना पाणी द्या.”

“मला नगं. कपड्याला मोकळं करा. ह्यो आज्याचा कपडा हाय. ह्याच्यावर जेवत नसत्यात.”

अध्यक्ष हसले आणि सभेकडे बघत म्हणाले, “आजोबा, कापडाचं आम्हाला सांगू नका. मी स्वतः अस्सल हिमरूची शेरवानी घालून बसलोय.”

हे बोलायला नको होतं. आबांचा मोकळा हात आपोआप गेला. बाही बोटांत. डोळे मिटले. माइक चालू होता.

“हिमरू नाय ह्यो,” आबा म्हणाले, आणि ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. “हिमरूत सूत असतंय आन् रेशीम असतंय. ह्यात दोनीबी नाय. नायलॉन हाय साहेब. फशिवलं तुमाला. पाठ खाजत आसंल.”

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांचा हात पाठीकडे निघाला होता, तो अर्ध्यात थांबला. त्या हशात आबांनी बाटल्या एकेक करून खाली ठेवल्या, फुलदाणी आणि माइक ठेवला, बशीला जागा उरली नाही म्हणून ती अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली, केंटे झटकलं, घडी घातली आणि बुध्याच्या हातात दिलं.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘मद्यधुंद वॉचमनने व्यासपीठावर कपडे उतरवले व मान्यवरांच्या मांडीवर कचोरी ठेवली.’ कचोरीचा भाग खरा आहे, आम्ही तो मान्य करतो. एका स्वयंसेवकाने साक्ष दिली की तोंडाला आंबूस वास येत होता. वास हाताला येत होता. चिंचोक्याचा होता. मी आबांवरच्या पत्रक क्रमांक दोनसोबत खळ एका बाटलीत भरून समितीला पाठवली. त्यांनी ती परत पाठवली, वर ‘कार्यालयात असले पदार्थ आणू नयेत’ अशी चिठ्ठी.

दुसऱ्या दिवशी मालकाने आबांना कामावरून काढलं. खोली महिनाअखेर सोडायची. आणि मागाचा खड्डा त्याच दुपारी सिमेंटने बुजवला, मोटरसायकली लावायला. आबांनी लाकडं आधी काढून घेतली. पंधरा पट्ट्या झालेल्या, नऊ राहिलेल्या.

मी गल्लीभर फिरले. तिसरं पत्रक काढलं, ‘एक खड्डा द्या’ अशा मथळ्याचं. कुणाच्या अंगणात फरशी होती, कुणाच्या अंगणात बोअरवेल, बाकीच्यांच्या अंगणात आता इमारत होती. मी रागाने सांगायला गेले, तर आबा पत्र्याच्या कोपऱ्यातल्या कोळ्याकडे बघत बसलेले.

“पोरी,” म्हणाले, “खड्डा बुजवला. दगड कोन बुजवनार?”

पुढच्या टँकरच्या सकाळी ताणा पुन्हा गल्लीत. एक टोक आमच्या दाराला, दुसऱ्या टोकाला पाटा. मालक धावत आला. त्याला उत्तर द्यायला मी चार मुद्दे तयार ठेवले होते, पण माझी गरज लागली नाही. हंडेवाल्या बायका आधीच रांगेत उभ्या होत्या. “दोरा काढायचा नाय,” त्यातली एक म्हणाली. “दोरा काढला की तुमच्या हॉस्टेलचे पाइप पुढं घुसत्यात. बसा आबा तुमी.” मालकाने रांगेकडे बघितलं आणि तो आत गेला. त्या दिवसापासून आबा रोज सकाळी आमच्या दारात विणत आणि पाटा गल्लीतून हळूहळू त्यांच्याकडे येई. पोस्टमनसुद्धा तो ओलांडताना वाकून नमस्कार करायचा. ठकूआजी मात्र म्हणायच्या, “सगळ्यांना दर्सन, आन् माजी चटनी वाटायची राहिली.”

महिनाअखेरीस खोली सुटली, तेव्हा आजी-आबा आमच्या पडवीत राहिले. चोविसावी पट्टी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुरी झाली. पाऊस आला नव्हता. पदवीच्या दिवशी बेचाळीस अंशांत बुध्या काळी लोकर पांघरून निघाला, उजवा खांदा उघडा, कपाळावरून धारा. गल्लीच्या तोंडाशी आबा उभे होते. बुध्याने बूट काढले. तापलेल्या रस्त्यावर अनवाणी उभा राहिला, आणि डाव्या खांद्यावरची घोंगडी खाली कमरेपर्यंत घेतली. आबा कुणी राजा असावेत तसा त्यांच्यापुढे वाकला.

आबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. कापडाची कड धरली, चोळली.

“सतराव्या पट्टीत जरा ढिलं पडलंय,” म्हणाले. “पाय घाल बुटात, भाजतील. आन् तुज्याकडल्या इनणाऱ्यांना सांग, ह्यालाबी नाव हाय.”

“क्या नाव, आबा?”

“जेवढी लोकर व्हती तेवढी घातली.”

त्यानंतर चार दिवसांनी आजी-आबा गावी निघाले. मी एसटीत बसवून द्यायला गेले. आबांच्या मांडीवर एक पोतं होतं. जाण्याआधी मी त्यांना एक गोष्ट विचारली, जी मला महिनाभर टोचत होती. त्या मंगळवारी त्यांनी दिलेली घोंगडी समितीने सभागृहाच्या दारात पायपुसणं म्हणून टाकली होती. सगळ्यांनी तिच्यावर पाय पुसले. नोंद घ्यावी, मीसुद्धा. आबा तिला वळसा घालून आत गेले होते. बुध्याच्या कापडासाठी भांडले, स्वतःच्या घोंगडीबद्दल एक अक्षर नाही.

“पाव्हन्याचा कपडा आधी,” आबा म्हणाले. “आपली घोंगडी काय, घरची हाय. वाट बगंल.”

“मग मी उचलून आणते, आबा.”

“आजाबात नाय. चोरून आनलेली घोंगडी चोरीची व्हतीय. ज्यांनी पाय पुसले त्यांनी उचलायला पायजे. तू एकली नव्हतीस.”

कंडक्टर आला. “आजोबा, पोत्यात काय हाय?”

“दगड.” तो पाटा होता.

“वेरूळला दगड घिऊन चाललाय? तिथं आख्खा डोंगर हाय की!”

“तिथले समदे दगड कामाला लागल्यात,” आबा म्हणाले. “ह्योच येक रिकामा व्हता.” आणि त्यांचा हात कंडक्टरच्या खाकी बाहीकडे गेला. एसटी सुटली तेव्हा मला खिडकीतून दिसलं ते एवढंच: मिटलेले डोळे, आणि दोन बोटांत धरलेली बाही.

ती घोंगडी अजून त्या सभागृहाच्या दारात आहे. चौथ्या पत्रकानंतर मला आत यायला बंदी आहे, तुम्हाला नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे गेला आहात, भाषणं ऐकली आहेत, आत जाताना पाय पुसले आहेत. आता पुन्हा जा. दारात चपला काढा. घोंगडी उचला, झटका, घडी घाला, काखेत घ्या. आत जाऊन विचारा, ही कुणाची. उत्तरादाखल इतिवृत्तातला तो एक शब्द तुमच्यासमोर खोडला जात नाही तोवर समोर खुर्ची केली तरी बसू नका.